वीस मिनिटांचं पाणी

“…तर मग गेम कुणाची म्हणायची, मास्तर? ज्यानं चार वर्षं घातली त्याची, की जिनं तीन महिने आवाज गोळा केले तिची?”

रझाक मास्तर तांबोळी खिडकीपाशी बसून एका जुन्या स्पीकरची वायर सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

शार्दूल बेडेकर उभाच होता. मास्तरांनी आल्याआल्या बस म्हटलं होतं, पण रागात आलेल्या माणसाला खुर्ची दिसत नाही.

मिरजेच्या किल्ला भागात मास्तरांचं घर. खालच्या मजल्यावर भाडेकरू, वर एक लांबट खोली. मास्तर एकतीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचे आणि प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचे, त्या काळात त्यांनी गोट्यांचा एक खेळ लिहिला होता. पुढे बटणांचे मोबाइल आले, तेव्हा त्यांचे तीनचार छोटे खेळ लाखो लोकांच्या खिशांतून फिरले. त्यांवर मास्तरांचं नाव कुठेच नव्हतं. ही गोष्ट मास्तरांनी कधी सांगितली नाही. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितली, म्हणून कळली.

दर रविवारी सकाळी त्या वरच्या खोलीत चौदापंधरा जण जमत. सांगलीचे, जयसिंगपूरचे, इचलकरंजीचे. कुणी बँकेत, कुणी सूतगिरणीच्या ऑफिसात, एक तर दातांचे डॉक्टर. नोकरीधंदा सांभाळून प्रत्येक जण आपापली गेम बनवत होता. मागे कंपनी नाही, पुढे गिऱ्हाईक नाही. एक जण म्हशींचा कळप हायवे ओलांडून नेत होता. एकीची मांजर कौलांवरून कौलांवर उड्या मारत गाव पार करायची. दातांचे डॉक्टर निकते तीन वर्षं एकच पतंग तारेतून सोडवत होते.

या जमावाला ते ‘खेळघर’ म्हणायचे. नियम असे काही नव्हते. अर्धवट असेल तेच आणायचं, असा रिवाज पडला होता. आणि आपली गेम दुसरा खेळत असताना आपण तोंड उघडायचं नाही, एवढं एक.

शार्दूल त्या सगळ्यांत हुशार. हे सगळ्यांना मान्य होतं. त्याला सगळ्यांच्या आधी मान्य होतं.

त्याच्या गेमचं नाव ‘शेवटची खेप’. नदीवर नवा पूल झालाय, उद्यापासून नाव बंद. नावाड्याचा आज शेवटचा दिवस. दिवसभर माणसं पैलतीरी न्यायची, आणि सगळ्यात शेवटी एक म्हातारा प्रवासी. म्हातारा चाळीस वर्षं रोज याच नावेतून गेलेला. पलीकडे उतरल्यावर तो वळतो आणि नावाड्याशी बोलतो. पाच मिनिटं. ते बोलणं शार्दूलनं अकरा वेळा लिहून काढलं होतं. आपण आयुष्यात यापेक्षा चांगलं काही लिहिणार नाही, असं त्याला वाटत होतं.

गेममधले सगळे आवाज उल्का कोळेकरचे. उल्का खेळघरातलीच. कृष्णेच्या घाटाजवळ राहायची, मास्तरांच्या घरापासून वीस मिनिटांवर. वल्ह्याचा आवाज, दोराचा, चिखलात रुतलेल्या पायांचा… तीन महिने ती नदीकाठी माईक घेऊन बसली होती.

भांडण झालं ते म्हाताऱ्यावरून. उल्का म्हणाली, तो बोलायला नको. तो बोलायला लागला की पाणी ऐकू येत नाही. शार्दूल म्हणाला, तू आवाजाचं बघ. त्यावर उल्कानं आपलं सामान गोळा केलं. जाताना एवढंच म्हणाली, की दिलेले आवाज राहू देत, परत मागणार नाही. त्याला आठ महिने झाले. त्यानंतर ती रविवारी आली नाही.

मग परदेशातल्या एका मोठ्या मेळाव्यात ‘शेवटची खेप’ निवडली गेली. शार्दूल कालच्या रविवारी ती सगळ्यांना दाखवायला घेऊन आला. पहिल्याच स्क्रीनवर अक्षरं उमटली : ‘शार्दूल बेडेकर यांची एकट्यानं घडवलेली निर्मिती’.

डॉक्टर निकत्यांनी विचारलं, उल्काचं नाव कुठाय. शार्दूल म्हणाला, शेवटी यादीत आहे, ‘ध्वनिसाहाय्य’ म्हणून. कुणीतरी म्हणालं, मग ‘एकट्यानं’ कसं. शब्दानं शब्द वाढत गेला. शार्दूलनं लॅपटॉप मिटला. तुम्हा लोकांची एक गेम धड पूर्ण होत नाही आणि माझी पूर्ण झाली हे तुम्हाला सोसत नाही, असं म्हणून तो निघून गेला.

आज सोमवार. खेळघर सोडतोय हे सांगायला तो आला होता. त्याआधी मास्तरांनी एकदा म्हणावं, की गेम तुझीच… एवढंच त्याला हवं होतं.

मास्तरांनी वायर खाली ठेवली.

“आणलायस खेळ?”

मास्तर गेमला नेहमी खेळच म्हणत.

शार्दूलनं पिशवीतून लॅपटॉप काढला. तो म्हणाला, तुम्ही काल पाहिलाच की थोडा. आज पूर्ण खेळा, मग सांगा.

“मी नाही खेळत,” मास्तर म्हणाले.

ते गच्चीच्या कठड्याशी गेले आणि खाली वाकून त्यांनी हाक मारली. खालच्या भाडेकरू मार्था सातपुते. गावातल्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. एक काम आहे, जरा वर येता का, म्हणून मास्तरांनी विचारलं. कणीक भिजवून येते, असं खालून उत्तर आलं.

शार्दूलला हसू आलं. तो म्हणाला, सिस्टरनी आयुष्यात कधी गेम खेळली आहे का? मेळाव्यातल्या परीक्षकांनी पसंत केलेली गेम, तिची पारख सिस्टर करणार?

मास्तर आत गेले. येताना त्यांच्या हातात फुलपात्र होतं.

“पाणी घे.”

“तहान नाही, मास्तर.”

“प्यायचं नाहीये. तोंडात धर. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. सिस्टर उठेपर्यंत.”

शार्दूल त्यांच्याकडे बघत राहिला.

हे काय आहे ते त्याला कळलं होतं. आपली गेम दुसरा खेळताना गप्प बसायचा रिवाज खेळघरात सगळे पाळत, शार्दूल सोडून. त्याला ते कधी जमलंच नव्हतं. इकडे उजवीकडे, नाही नाही, जरा थांबा, आता बघा काय होतं, इथलं हे चित्र मी सहा वेळा काढलं… खेळणाऱ्याच्या खांद्यावरून त्याचं सतत चालायचं. लोक हसण्यावारी नेत.

त्यानं फुलपात्र घेतलं आणि गुळणी धरली.

सिस्टर आल्या. चष्मा पुसला, खुर्चीत बसल्या, हाताला पीठ नाही ना हे पाहिलं. मास्तरांनी त्यांना बाणाची चार बटणं दाखवली. एवढंच, बाकी काही नाही, म्हणाले. मग स्पीकर जोडला आणि पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसले.

शार्दूल सिस्टरांच्या मागे उभा राहिला.

सुरुवातीची अक्षरं आली. सिस्टरनी ती वाचायच्या आतच बटण दाबलं.

नाव काठावर आपटली. पुन्हा आपटली. सिस्टर म्हणाल्या, अगं बाई. तिसऱ्या वेळी नाव पाण्यात सरकली. पहिल्या खेपेला शाळामास्तर होते, दुसऱ्या खेपेला शेळी घेतलेली बाई. शेळीच्या खेपेला नाव खडकाला घासली तेव्हा सिस्टरनी शेळीची माफी मागितली.

शार्दूलचे गाल दुखायला लागले होते. नाव खडकापासून लांब ठेवायची असेल तर डावं बटण धरून ठेवायचं असतं. दोन शब्दांचं काम. त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बाहेर बघत होते.

होता होता सिस्टरांचा हात बसला. माणसं चढत होती, उतरत होती. ऊन कलत गेलं. मग म्हातारा आला.

म्हातारा चढून बसला. नाव निघाली. काठ मागे राहिला, पलीकडचा काठ दिसू लागला. आता पाऊण मिनिट, आणि मग ते बोलणं. शार्दूल नकळत पुढे झुकला.

नदीच्या मधोमध सिस्टरनी बटणावरचं बोट काढलं.

नाव थांबली.

स्क्रीनच्या खालच्या बाजूला पांढरी ओळ उघडझाप करू लागली : पुढे जाण्यासाठी बाण दाबा.

सिस्टरनी ती वाचली. मागे टेकून बसल्या.

“घाई कशाला,” त्या म्हणाल्या. “म्हातारा निवांत बसलाय.”

शार्दूलच्या घशातून एक आवाज आला. मास्तरांनी मान वळवली. शार्दूलनं तोंड घट्ट मिटलं.

एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. पाणी नावेच्या कडेला चुबुकचुबुक वाजत होतं. स्क्रीनवर काहीच घडत नव्हतं. घडायला तिथं काही ठेवलेलंच नव्हतं. चार वर्षांत शार्दूलनं ही नाव हजार वेळा तरी पार नेली असेल. नदी पार करायला दीड मिनिट लागतं. दीड मिनिटाच्या पुढे या पाण्यात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

उल्कानं पाण्याचा आवाज पाठवला तेव्हा तो वीस मिनिटांचा होता. शार्दूल वैतागला होता. दीड मिनिटाच्या नदीला वीस मिनिटांचं पाणी कशाला, गेम उगीच जड होते, म्हणाला होता.

कुणी थांबलं तर, असं उल्का म्हणाली होती.

कुणी थांबणार नाही, असं तो म्हणाला होता. आणि कापायचा कंटाळा आला म्हणून आवाज तसाच राहिला होता.

तिसऱ्या मिनिटाला लांबून धुणं आपटल्याचा आवाज आला. आधी दगडावरचं आपटणं, मग पाण्यावरून त्याचा पडसाद. मग एक खंड्या कर्कश ओरडत नदीवरून गेला. सिस्टरनी मान वळवली, जणू तो खोलीतूनच गेला.

पाचव्या मिनिटाला पुलावरून रेल्वे गेली. ती बराच वेळ जात राहिली. ती गेल्यावर पाणी जास्तच ऐकू येऊ लागलं.

काठावरून कुणीतरी हाक मारली, “ए दत्ताऽऽ…” दत्तानं ओ दिली नाही.

शार्दूल आता स्क्रीनकडे बघत नव्हता. तो सिस्टरांच्या हातांकडे बघत होता. हात मांडीवर होते, एकावर एक. रात्रपाळीत एखाद्या पेशंटच्या उशाशी बसलेली नर्स अशीच बसत असेल. त्याच्या आजोबांच्या शेवटच्या दिवसांत एक नर्स अशी बसायची. ती काय करते, असं त्यानं आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, बसते.

आठव्या की नवव्या मिनिटाला दगडी पायऱ्यांवर चपला वाजल्या. कुणीतरी जवळ आलं. थांबलं. पाय बदलला. पुन्हा बदलला.

मग स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला.

“झालं का? अजून किती?”

आणि त्यावर लगेच, अगदी जवळून, एका मुलीचा :

“शू…”

पुन्हा पाणी.

सिस्टर हसल्या. कुणीतरी पोरगी कुणाला तरी गप्प करतेय, म्हणाल्या. मग चष्मा वर सरकवून म्हाताऱ्याकडे बघत राहिल्या.

‘झालं का’ विचारणारा तो आवाज शार्दूलचा होता.

जानेवारीतली सकाळ होती. उल्कानं त्याला घाटावर सोबत म्हणून नेलं होतं. वीस मिनिटं अजिबात बोलू नकोस, एवढंच तिनं सांगितलं होतं. दहा वाजता त्याचा कुणाशी तरी कॉल होता. तो लांब जाऊन उभा राहिला, फोन पाहिला, परत आला, आणि विचारलं. नंतर तो म्हणाला, माझं ते मधलं काढून टाक हं. उल्का हसून हो म्हणाली होती.

तिनं काढलं नव्हतं.

आपल्याच गेमच्या पोटात आपण इतके दिवस असे उभे आहोत. एका पायावरून दुसऱ्या पायावर. “अजून किती” विचारत…

सिस्टर आणखी दोनतीन मिनिटं बसल्या. मग मांडीवर हात टेकून उठल्या.

“झाला. छान होता.”

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. कणीक वाळेल, असं म्हणून जिन्याकडे निघाल्या. जिन्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी मास्तरांना विचारलं, ते पाणी आपल्या घाटावरचं का? मास्तरांनी शार्दूलकडे पाहिलं.

“हो,” शार्दूल म्हणाला. “घाटावरचंच. उल्का म्हणून आहे… तिचं.”

तिला सांगा, म्हणाल्या सिस्टर, आणि खाली गेल्या.

खोलीत दोघेच उरले. नाव अजून नदीत उभी होती. पांढरी ओळ उघडझाप करत होती.

“त्यांनी शेवट पाहिलाच नाही,” शार्दूल म्हणाला. “म्हातारा काय बोलतो ते त्यांना कळलंच नाही.”

मास्तरांनी टेबलावरचं फुलपात्र उचललं.

“मास्तर, एवढा मोठा प्रसंग आहे तो. सगळी गेम त्याच्यासाठी…”

“गुळणी कुठंय?”

शार्दूल थांबला. त्यानं जीभ टाळूला लावून पाहिली.

“गिळली वाटतं.”

“कधी?”

शार्दूलनं स्क्रीनवरच्या नावेकडे पाहिलं.

मास्तरांनी पुन्हा वायर सोलायला घेतली. शार्दूलनं लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि तो गेला. खेळघर सोडतोय, हे सांगायचं राहून गेलं.

त्यापुढचे सहा दिवस शार्दूलनं कामातून डोकं वर काढलं नाही.

पहिल्या दिवशी त्यानं पुन्हा एकदा नाव नदीच्या मधोमध थांबवली आणि वीसच्या वीस मिनिटं ऐकली. शेवटी शेवटी पाण्यात उल्काचा श्वास ऐकू येत होता. एकदा ती नाक ओढते. सर्दी होती तिला त्या दिवशी, हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं म्हाताऱ्याचं बोलणं काढून टाकलं. पाच मिनिटं, अकरा खर्डे. कापताना हात अडखळला. कापून झाल्यावर मात्र फार काही वाटलं नाही. नंतर संध्याकाळी, चहा पिताना, एकदम वाटलं.

मग त्यानं पहिली स्क्रीन बदलली. ‘एकट्यानं’ काढलं. उल्का कोळेकर हे नाव वर घेतलं, आपलं तिच्या खाली. पांढरी ओळही काढून टाकली. मेळाव्याच्या लोकांना लिहून कळवलं, की गेम दोघांची आहे, आधी चुकीचं सांगितलं होतं. त्यांचं सौजन्यानं भरलेलं उत्तर आलं.

शनिवारी त्यानं हे सगळं जाहीरपणे लिहिलं. आपण कसे चुकलो, कुणावर कसा अन्याय केला, एका निवृत्त नर्सबाईंनी आपले डोळे कसे उघडले. लिहिताना एका ठिकाणी त्याला रडू आलं. ते लोकांना फार आवडलं. पुण्यातल्या, बंगळुरातल्या गेम बनवणाऱ्यांनी ते पुढे पाठवलं. अशी माणसं या क्षेत्रात हवीत, असं कुणीकुणी लिहिलं. शार्दूलनं प्रत्येकाला उत्तर दिलं.

आणि रविवारी तो खेळघरात आला. सगळ्यांसमोर उभा राहिला आणि कालचं लिहिलेलं तोंडानं पुन्हा सांगितलं. डॉक्टर निकत्यांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हशींवाला म्हणाला, सोड रे, आपल्यातच कसली माफी. टाळ्या वाजल्या. मग सगळ्यांनी पाळीपाळीनं नाव नदीच्या मधोमध नेली आणि थांबवली. “अजून किती” आलं की प्रत्येक वेळी हशा पिकला. शार्दूलही हसला. आपण इतके मोकळे कधीच नव्हतो, असं त्याला वाटलं.

उल्का आली नव्हती. आठ महिन्यांत ती आलीच नव्हती, त्यामुळे तिची खुर्ची रिकामी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारी पांगापांग झाली. शार्दूल मुद्दाम मागे राहिला. मास्तर खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावत होते. त्यानं चार खुर्च्या उचलून दिल्या.

“मास्तर, म्हाताऱ्याचं बोलणं काढलं.”

“ऐकलं.”

“तिचं नाव वर घेतलं. माझं खाली.”

“पाहिलं.”

मास्तरांनी आणखी एक खुर्ची लावली. शार्दूल वाट पाहत होता. काही येईना, तेव्हा त्यानंच विचारलं.

“आता बरोबर झालं ना सगळं?”

मास्तरांच्या हातात शेवटची खुर्ची होती. ती त्यांनी लावली नाही. खाली ठेवली आणि तिच्यावर बसले.

“उल्का काय म्हणाली?”

शार्दूलनं खिडकीतून खाली पाहिलं.

खाली गल्लीत कुणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती. पुन्हा पुन्हा घरघरत होती.

“तिनं वाचलं असेल की,” तो म्हणाला. “आतापर्यंत सगळ्यांनी वाचलंय…”

मास्तर त्याच्याकडे बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता. कौतुकही नव्हतं.

“फोन करणार होतो. म्हटलं, आधी सगळं नीट करून घेऊ, मग… म्हणजे तिला दाखवायला काहीतरी हवं ना, मास्तर. नुसतं जाऊन काय बोलणार मी?”

हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

सहा दिवसांत त्यानं दोनशे माणसांना उत्तरं लिहिली होती. समुद्रापलीकडच्या लोकांना खुलासा पाठवला होता. आणि घाट इथून वीस मिनिटांवर होता. उल्कानं दार उघडलंच तर तिच्या तोंडासमोर उभं राहून पहिला शब्द कोणता काढायचा, हे त्याला माहीत नव्हतं. टाळ्या तिथं नसणार. कदाचित ती दार लावून घेईल. कदाचित काहीच बोलणार नाही, आणि आपल्याला तिथं उभं राहावं लागेल. किती वेळ, कोण जाणे…

रिक्षा एकदाची सुरू झाली आणि गेली.

शार्दूलनं लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली. मग ती काढून टेबलावर ठेवली.

मास्तर उठले. त्यांनी शेवटची खुर्ची जागेवर लावली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले :

“खाली माझी सायकल आहे. पुढच्या चाकात हवा कमी आहे… सावकाश जा.”